फुलं भरपूर, फळ एकही नाही: टोमॅटो, मिरची, वांगी आणि वेलभाज्यांची वारंवार होणारी फुलगळ

टोमॅटोचं झाड छातीएवढं वाढतं, पिवळ्या फुलांचे घोस लागतात आणि आठवड्याभरात ती फुलं देठासकट कुंडीत पडलेली दिसतात. पुन्हा घोस येतो, पुन्हा गळतो. मिरचीचं तेच, वांग्याचंही तेच. काकडी-भोपळ्यावर बोटभर फळं दिसतात, पण टोकाकडून पिवळी पडून सुकतात. अशा वेळी बहुतेक जण खत वाढवतात, आणि बहुतेक वेळा त्यानेच नुकसान वाढतं.

फुलगळ हा रोग नाही. फुलात फलन झालं नाही (परागामुळे बी धरलं नाही), किंवा झालेलं फळ पोसणं परवडत नाही, म्हणून झाड ते फूल सोडून देतं. त्यामुळे प्रश्न "काय फवारू" हा नसून "फलन का झालं नाही" हा आहे. इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी लागते: आज गळलेल्या फुलाचं कारण आजच्या दिवसात नसतं. टोमॅटोच्या कळीत परागकण तयार होण्याचा सर्वात नाजूक काळ फूल उमलण्याच्या साधारण ७ ते १० दिवस आधी येतो. त्या दिवसांत रात्री फार गरम किंवा फार थंड गेल्या, तर परागकण पोकळ, निर्जीव बनतात. फूल बाहेरून अगदी सुंदर उमलतं, पण त्यात काही उरलेलं नसतं. मग ते दोन-चार दिवसांनी गळतं. म्हणजे दोष कालच्या पाण्याला दिला जातो आणि घडलेलं असतं दोन आठवड्यांपूर्वी. उलटही होतं: हवा सुधारते, फळं धरू लागतात आणि श्रेय त्या आठवड्यात फवारलेल्या बाटलीला मिळतं. या विषयातले बरेच गैरसमज इथूनच जन्मतात.

म्हणून पहिली खरेदी औषधाची नको. कमाल-किमान तापमान नोंदवणारा साधा थर्मामीटर घ्या आणि तो झाडाच्या उंचीवर, सावलीत टांगा. हवामानखात्याचा आकडा तुमच्या गॅलरीचा नसतो. शक्य असेल तर आर्द्रताही दाखवणारा घ्या. रोज सकाळी दोन आकडे लिहून ठेवा. पुढचं निम्मं निदान त्या कागदावरच होतं.

आधी पडलेलं फूल उचला आणि नीट पाहा

फूल कोणत्या टप्प्यावर गळलं, यावरून कारणांची यादी एकदम लहान होते.

कळी उमलण्याआधीच गळत असेल तर तापमानापेक्षा इतर गोष्टी आधी तपासा: फुलकिडे, कुंडी कडकडीत वाळून मग एकदम भरपूर पाणी दिलं जाणं, कुंडीची जागा अचानक बदलणं, किंवा ऊन फारच कमी असणं.

फूल पूर्ण उमललं, पाकळ्या वाळल्या आणि देठ पिवळा होऊन गळालं, तर फलन झालेलं नाही. टोमॅटोच्या देठावर मधोमध एक गाठ असते. फूल त्या गाठीपाशी तुटतं आणि तुटण्याआधी गाठीपासून फुलापर्यंतचा भाग पिवळा पडतो. हे चित्र दिसलं की कारण तापमान, आर्द्रता किंवा पराग न हलणं यांपैकी एक धरून चाला.

मिरची किंवा वांग्याचं वाटाण्याएवढं फळ धरून मग गळत असेल तर फलन झालं होतं, झाडाला ते पोसता आलं नाही. पाण्याची ओढाताण, अन्नद्रव्यांची कमतरता किंवा झाडावर आधीच असलेला फळांचा भार, ही कारणं इथे येतात. झाडावर आठ-दहा मोठी वांगी लटकलेली असताना नवी फुलं गळणं हा दोष नाही. तयार फळं काढली की ते आपोआप थांबतं. मिरचीला तर झाड पोसू शकेल त्याहून कितीतरी जास्त फुलं येतात, त्यातली बरीचशी गळणारच. फळं धरत आहेत आणि काही फुलंही गळत आहेत, एवढीच तक्रार असेल तर काहीच करू नका.

वांग्याच्या बाबतीत आणखी एक पाहणी करायची. उमललेलं फूल हातात घ्या आणि मधल्या पिवळ्या पुंकेसरांच्या (पराग तयार करणाऱ्या नर भागांच्या) नळीतून हिरवी कुक्षी (पराग झेलणारं मादी टोक) बाहेर डोकावते का ते पाहा. डोकावत असेल तर त्या फुलाला फळ धरू शकतं. कुक्षी आत खोल दडलेली, आखूड असेल तर ते फूल फळासाठी नसतंच, ते गळतं. प्रत्येक झाडावर दोन्ही प्रकार असतात. झाड उपाशी असेल, ताणाखाली असेल किंवा फळांनी लदलेलं असेल तर आखूड कुक्षीच्या फुलांचं प्रमाण वाढतं.

रात्रीचा आकडा दिवसाच्या आकड्याइतकाच महत्त्वाचा

टोमॅटोला रात्री १५ ते २० अंश सेल्सिअस असेल तर फळधारणा उत्तम होते. रात्र २२-२३ च्या वर राहू लागली की धारणा घसरते, आणि दिवसाही ३२ च्या वर तासन्‌तास गेले तर मोठ्या फळांच्या जाती जवळजवळ थांबतात. खालच्या बाजूला १३ अंश ही सीमा धरा. त्याखालच्या रात्रींत परागकण नीट बनत नाहीत. दिवस कितीही छान असो, रात्रीने बिघडवलेलं काम दिवस दुरुस्त करत नाही.

ढोबळी मिरची टोमॅटोसारखीच नाजूक आहे. रात्री १६ ते २१ अंश तिला मानवतात, २४ च्या वर फुलं झडतात. लहान तिखट मिरच्या काही अंश जास्त सोसतात, म्हणून एकाच गॅलरीत ढोबळी रिकामी आणि तिखट मिरची भरलेली दिसू शकते. वांगं उष्णतेला बरंच खंबीर आहे, पण थंडीला नाही. रात्री १५-१६ च्या खाली गेल्या की ते फुलं टाकतं. घेवड्याला दिवसा ३०-३२ च्या वर गेलेलं चालत नाही, तर चवळी आणि गवार त्याच उन्हात निवांत शेंगा देतात. भेंडी या सगळ्यांत काटक, तिला फुलगळ होते ती पारा ४२ च्या आसपास पोहोचल्यावर.

आर्द्रतेचंही गणित आहे. टोमॅटोसाठी ४० ते ७० टक्के हा चांगला पट्टा. हवा ८० टक्क्यांहून दमट असेल तर पराग ओलसर होऊन गोळा होतो, पुंकेसरातून सुटतच नाही. ४० च्या खाली गेली तर पराग सुटतो पण कोरड्या कुक्षीवर चिकटत नाही.

हे तपासायला सोपी पद्धत आहे. सकाळी १० ते ११ च्या दरम्यान नुकत्याच उमललेल्या टोमॅटोच्या फुलाखाली काळा कागद किंवा मोबाइलची काळी काच धरा आणि देठावर टिचकी मारा. बारीक पिवळसर धूळ पडली तर पराग सुटतो आहे. पाच-सहा फुलांतून काहीच पडलं नाही तर एकतर हवा फार दमट आहे, किंवा पराग बनलेलाच नाही. तेच दुपारी १ वाजता पुन्हा करा. दुपारी धूळ पडली तर अडचण दमटपणाची, दुपारीही नाही पडली तर तुमच्या वहीतल्या ७ ते १० दिवसांपूर्वीच्या रात्री पाहा.

उष्ण आणि कोरडी हवा

इथे दिवस भाजतात, पण अनेकदा रात्री थंडावतात, म्हणून आशा जास्त असते. काम दोन आहे: दुपारचं ऊन कापायचं आणि रात्री झाडाभोवती साठलेली उष्णता कमी करायची.

शेडनेट ३० ते ३५ टक्क्यांचं (म्हणजे तेवढं ऊन अडवणारं) लावा आणि शक्यतो फक्त पश्चिमेकडून व वरून, म्हणजे सकाळचं ऊन पूर्ण मिळेल. पालेभाज्यांसाठी विकलं जाणारं ५० किंवा ७५ टक्क्यांचं नेट फळभाज्यांवर टाकू नका. त्याने पानं सुखी होतात, पण प्रकाश एवढा घटतो की कळ्याच कमी येतात. शेडनेटने हवेचं तापमान फारसं उतरत नाही, पानाचं आणि मातीचं उतरतं, आणि तेवढं पुरेसं असतं.

दुसरा भाग बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. सिमेंटची गच्ची आणि पश्चिमेची भिंत दिवसभर तापतात आणि मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतात. कुंडी थेट स्लॅबवर, भिंतीला टेकून असेल तर झाडाची रात्र बाहेरच्या रात्रीपेक्षा गरम असते. कुंड्या एक फूट उंच स्टँडवर घ्या, भिंतीपासून दोन फूट दूर करा, सूर्यास्तानंतर स्लॅबवर पाणी शिंपडा. पानं भिजवू नका, फरशी भिजवा. थर्मामीटरचे आधीचे आणि नंतरचे आकडे ताडून पाहा, फरक डोळ्यांना दिसेल.

काळी प्लास्टिकची कुंडी उन्हात ठेवली तर कडेची माती ४० अंशांच्या वर जाते आणि कडेला असलेली पांढरी मुळं मरतात. कुंडीला गोणपाट गुंडाळा, किंवा ती मोठ्या कुंडीत ठेवून मधल्या पोकळीत कोकोपीट भरा. मातीवर सुक्या पानांचं ५ सेंटिमीटर आच्छादन घाला. कुंड्या एकमेकींजवळ ठेवल्या तर त्यांच्यातली हवा थोडी दमट राहते, कोरड्या वाऱ्यात त्याचाही उपयोग होतो.

उष्ण आणि दमट हवा

हे सर्वात कठीण. दिवस ३३, रात्र २६, आर्द्रता ८५ टक्के. शेडनेटने रात्र थंड होत नाही आणि पाणी शिंपडलं तर दमटपणा वाढतो. इथे मोठ्या फळाच्या टोमॅटोशी झगडत बसण्यापेक्षा पिकाची निवड बदलणं शहाणपणाचं आहे: वांगी, भेंडी, चवळी, तिखट मिरची आणि वेलभाज्या या हवेत टोमॅटोपेक्षा खूप चांगली साथ देतात. टोमॅटो हवाच असेल तर चेरी प्रकारचा लावा. लहान फळांच्या जाती गरम रात्रींतही थोडीफार धारणा करतात.

जे करता येतं ते हवा खेळती ठेवण्याचं. दोन झाडांत ६० सेंटिमीटर अंतर, बुंध्यापासून ३० सेंटिमीटरपर्यंतची पानं काढलेली, बगलेतले फुटवे खुडलेले. बंद गॅलरी असेल तर सकाळी १० ते २ या वेळात झाडाच्या दिशेने छोटा पंखा मंद लावा. त्याने पानांभोवतीचा ओलावा हलतो आणि फुलंही थरथरतात. संततधार पावसाच्या दिवसांत पराग धुऊन जातो. त्यासाठी फक्त वरून पारदर्शक प्लास्टिकचं छप्पर द्या, चारही बाजू उघड्या ठेवा. बाजू बंद केल्या तर पाऊस टळेल, पण आत वाफ कोंडेल.

थंड प्रदेश आणि उंच डोंगराळ भाग

दिवसा २४-२५ अंश आणि रात्री ८, अशी हवा उंचावर नेहमीची. माणसाला हा दिवस सुखाचा वाटतो, म्हणून फुलगळीचं कारण लक्षात येत नाही. याच थंडीची दुसरी खूण फळावर दिसते: धरलेल्या टोमॅटोच्या तळाशी वेडीवाकडी, टाके घातल्यासारखी व्रणांची रेषा. ती कळी बनताना लागलेल्या थंडीमुळे येते. फळ कुरूप असतं, खायला ठीक असतं.

संध्याकाळी झाडावर पांढरं, न विणलेलं क्रॉपकव्हर कापड टाका. जाडीनुसार आतली रात्र साधारण २ ते ४ अंशांनी उबदार राहते. कुंड्यांभोवती काळ्या रंगाचे, पाण्याने भरलेले ५ लिटरचे कॅन ठेवा. दिवसा ते तापतात, रात्री हळूहळू ऊब सोडतात. गरम प्रदेशात जी भिंत शत्रू होती, ती इथे मित्र: दिवसभर ऊन खाणाऱ्या भिंतीला कुंडी टेकवून ठेवा. उत्तर गोलार्धात ती दक्षिणमुखी भिंत, दक्षिण गोलार्धात उत्तरमुखी.

छोटं पॉलिहाऊस किंवा प्लास्टिकचा बोगदा वापरणाऱ्यांची फुलं मात्र अनेकदा थंडीने नाही, उष्णतेने गळतात. बाहेर २० अंश असताना बंद प्लास्टिकच्या आत निरभ्र दुपारी ४० सहज ओलांडतं. सकाळी आतलं तापमान २५ झालं की दोन्ही टोकं उघडायची आणि ऊन उतरायच्या थोडं आधी बंद करायची. रोज हे जमणार नसेल तर प्लास्टिकपेक्षा कापड बरं, त्यातून हवा जाते.

परागाशिवायही फळ धरणाऱ्या काही टोमॅटोच्या जाती थंड रात्रींसाठी मुद्दाम विकसित केल्या आहेत. ओरेगॉन स्टेट युनिव्हर्सिटीच्या 'ओरेगॉन स्प्रिंग', 'सिलेट्झ' आणि 'लेजंड' या त्यातल्या. थंडीत धरलेल्या त्यांच्या फळांत बिया कमी असतात किंवा नसतातच.

घरात, खिडकीत आणि बंद गॅलरीत

इथे तीन गोष्टी एकदम कमी पडतात: ऊन, वारा, मधमाश्या. टोमॅटोला थेट ऊन किमान ६ तास हवं, ८ मिळालं तर उत्तम. काचेतून येणारा उजेड डोळ्यांना भरपूर वाटतो, झाडासाठी तो अपुरा असतो. खोडाच्या दोन पानांमधलं अंतर लांबलेलं, झाड खिडकीकडे झुकलेलं, कळ्या लहान असतानाच पिवळ्या, असं दिसलं की प्रकाश कमी आहे. ग्रो लाइट (झाडं वाढवण्यासाठीचे दिवे) लावत असाल तर १४ ते १६ तास द्या, पण रात्रीचा अंधारही द्या. चोवीस तास उजेडात टोमॅटोची पानं पिवळी पडून खराब होतात.

स्वयंपाकघराच्या खिडकीतल्या झाडाची फुलगळ काही केल्या थांबत नसेल तर हवेकडे पाहा. नीट न जळणारा गॅस आणि शेजारी पिकत ठेवलेली केळी किंवा सफरचंदं, दोन्हीतून इथिलीन वायू सुटतो. फूल झाडापासून सुटण्याची प्रक्रिया हाच वायू सुरू करतो. कुंडी दुसऱ्या खोलीत हलवून पाहणं हा या शंकेचा सर्वात सोपा इलाज.

हाताने परागीभवन

टोमॅटो, वांगी, मिरची यांच्या प्रत्येक फुलात नर आणि मादी दोन्ही भाग असतात. टोमॅटो आणि वांग्याचे पुंकेसर मात्र बंद नळीसारखे असतात, पराग आतून झटकून बाहेर यावा लागतो. भुंगे फुलाला धरून अंग थरथरवतात, तेव्हा तो सुटतो. मधमाशीला ही थरथर जमत नाही, त्यामुळे आसपास मधमाश्या असूनही टोमॅटोचं काम होईलच असं नाही. जुना इलेक्ट्रिक टूथब्रश चालू करून त्याची पाठ घोसाच्या मुख्य देठाला, फुलांच्या मागे, २-३ सेकंद टेकवा. पाकळ्यांना किंवा कुक्षीला स्पर्श करू नका. वेळ सकाळी १० ते दुपारी १२, दमट हवेत २ पर्यंत. एक दिवसाआड पुरे. टूथब्रश नसेल तर आधाराच्या काठीवर बोटाने टकटक केली तरी चालतं. मिरचीचे पुंकेसर उभे चिरतात, पराग सहज बाहेर येतो. तिला झाड हलकं हलवणं पुरतं.

वेलभाज्यांची गोष्ट वेगळी, कारण नर आणि मादी फुलं स्वतंत्र असतात. मादी फुलाच्या मागे इवलंसं फळ आधीच असतं, नर फुलाचा देठ सरळ, बारीक असतो. सुरुवातीचे एक-दोन आठवडे वेलावर फक्त नर फुलं येतात आणि गळतात. ही फुलगळ नव्हे, घाबरायचं कारण नाही. कडक उष्णता, मोठे दिवस आणि जास्त नत्र (नायट्रोजन) यांनी नर फुलांचं प्रमाण वाढतं, थंडावा आणि लहान दिवस मादी फुलं वाढवतात.

मादी फुलं येऊनही बोटभर फळ तीन ते पाच दिवसांत टोकाकडून पिवळं पडून आक्रसत असेल तर पराग पोहोचलेला नाही. त्याच दिवशी उमललेलं नर फूल तोडा, पाकळ्या काढा आणि मधला परागाचा दांडा मादी फुलाच्या मधल्या कुक्षीवर सगळ्या बाजूंनी हलकेच फिरवा. एका नर फुलात दोन-तीन मादी फुलं होतात. कुक्षीची एकच बाजू भरली तर फळ वाकडं वाढतं.

वेळ चुकली तर सगळं फुकट जातं, कारण फूल काही तासच ताजं राहतं. काकडी, लाल भोपळा, कारलं आणि घोसाळं पहाटे-सकाळी उमलतात, त्यांचं काम सकाळी ९ च्या आत. दोडका दुपार कलल्यावर उमलतो. दुधी आणि पडवळ यांची पांढरी फुलं संध्याकाळी उघडतात. सकाळी ब्रश घेऊन दुधीपाशी गेलात तर हाती मलूल फूल येतं, आणि "हाताने करूनही धरत नाही" ही तक्रार बहुधा याचमुळे असते.

काकडीच्या काही जाती परागाशिवाय फळ देतात, पाकिटावर तसं लिहिलेलं असतं. त्यांना हे काही करू नका. फळ पिवळं पडतंय पण त्यावर सुईने टोचल्यासारखा ठिपका आणि डिंकासारखा थेंब असेल, कापल्यावर आत अळ्या दिसत असतील, तर ती फळमाशी आहे. परागीभवन झालेलं फळ लगेच कागदी किंवा जाळीच्या पिशवीत बांधणं हा घरच्या वेलावर सर्वात खात्रीचा उपाय.

मधमाश्या आणि फुलमाश्या येत राहाव्यात म्हणून कोथिंबीर, शेपू, बडीशेप, तुळस यांची दोन-तीन झाडं न खुडता फुलोऱ्यावर जाऊ द्या. वेलभाज्यांना त्याचा थेट फायदा होतो.

नत्र: झाड माजलंय का?

गडद हिरवी, मोठी, खाली वळलेली पानं, अंगठ्याएवढं खोड, आणि फुलं नावाला. शेणखत, गांडूळखत, कंपोस्ट चहा (कंपोस्ट भिजवून केलेलं पाणी), वर १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश यांचे टक्के), असं सगळं एकाच कुंडीत गेलेलं असतं. अशा झाडाला पुढचे ३ ते ४ आठवडे नत्राचं काहीही देऊ नका. रासायनिक खत जास्त झालं असेल तर कुंडीच्या आकारमानाच्या दुप्पट पाणी हळूहळू ओतून निचरा करा: १५ लिटरच्या कुंडीला ३० लिटर, अर्ध्या तासात, खालून मोकळं वाहू देत. मग फुलोऱ्याच्या काळात ०:५२:३४ हे विद्राव्य खत १ लिटर पाण्यात १ ग्रॅम या प्रमाणात, १५ दिवसांतून एकदा, ओल्या मातीत द्या. यापेक्षा जास्त दिल्याने फुलं वाढत नाहीत, मातीत क्षार मात्र साठतात.

पाणी

टोमॅटोला एका झाडामागे १५ ते २० लिटरची कुंडी हवी, मिरचीला १० ते १२ चालते. लहान कुंडीत उन्हाळ्यात दुपारपर्यंत माती कोरडी होते, झाड मान टाकतं, संध्याकाळी पाणी पिऊन उभं राहतं. आपल्याला ते सावरलेलं दिसतं, पण दोन दिवसांनी कळ्या गळतात. बोट दोन पेरं मातीत खुपसा. कोरडं लागलं तर खालून थेंब गळेपर्यंत पाणी द्या, ओलं लागलं तर देऊ नका. माती सतत वाफशावर, म्हणजे ओलसर पण चिखल नसलेली असावी. कायम चिखल असेल तर मुळांना हवा मिळत नाही आणि फुलगळ तशीच होते. बशीत साठलेलं पाणी अर्ध्या तासात फेकून द्या.

फुलकिडे आणि कोळी

पांढऱ्या कागदावर फूल झटका. मिलिमीटरभर लांबीचे, पिवळट किंवा तपकिरी, सरसर पळणारे कीटक दिसले तर ते फुलकिडे. मिरचीची पानं वरच्या बाजूला द्रोणासारखी वळतात ती फुलकिड्यांनी, खालच्या बाजूला वळतात ती कोळ्यांनी (जाळं विणणारा कोळी नव्हे, पानांचा रस शोषणारे अतिसूक्ष्म जीव). हा फरक करणं आवश्यक आहे, कारण उपाय वेगळे आहेत. फुलकिड्यांसाठी निळे चिकट सापळे झाडाच्या शेंड्याच्या उंचीवर लावा आणि ५ मिली कडुनिंब तेल, २ मिली द्रव साबण, १ लिटर पाणी हे मिश्रण संध्याकाळी पानांच्या खालून फवारा. उमललेल्या फुलांवर थेट मारू नका, पराग भिजतो आणि मधमाश्यांना त्रास होतो. कोळ्यांसाठी ८० टक्के विद्राव्य गंधक २ ग्रॅम प्रति लिटर. तापमान ३२ च्या वर असताना गंधक वापरू नका, तेलाच्या फवारणीनंतर दोन आठवडे थांबा, आणि वेलभाज्यांवर ते टाळा. या तिन्हीत पानं जळतात.

दुकानातल्या दोन बाटल्या

४.५ टक्के एनएए (नॅप्थॅलिन ॲसेटिक ॲसिड, एक वाढ-संप्रेरक) हे फुलगळीचं औषध म्हणून सर्रास दिलं जातं. ते फूल देठापासून सुटण्याची क्रिया रोखतं, मेलेला पराग जिवंत करत नाही. प्रमाण ४.५ लिटर पाण्यात १ मिली, म्हणजे दशलक्षात १० भाग. घरी १ लिटर पाणी घेऊन "थोडंसं" ओतलं की प्रमाण चौपट-पाचपट होतं. मग पानं वळतात आणि उलट फुलगळच वाढते. मोजायला सिरिंज नसेल तर बाटली उघडू नका. बोरॉन परागनलिका वाढायला लागतं हे खरं, पण कंपोस्ट घातलेल्या कुंडीत त्याची कमतरता क्वचितच असते, आणि गरज व विषबाधा यांच्यातलं अंतर फार कमी असतं. ते सर्वात शेवटी, तेही खात्री असेल तरच.

खरा उपाय: पेरणीची तारीख

टोमॅटोला बी पेरल्यापासून पहिलं फूल यायला साधारण ५५ ते ६५ दिवस लागतात आणि पुढे निदान चार-पाच आठवडे चांगल्या रात्री हव्यात. तुमच्या वहीत रात्र २२ च्या वर कधी जाऊ लागते ते पाहा आणि तिथून १०० दिवस मागे मोजा. गरम प्रदेशात पेरणीची शेवटची तारीख ती. थंड प्रदेशात उलट: रात्र १३ च्या वर कायम राहू लागते त्या दिवसापासून ६० दिवस मागे जाऊन घरात रोप तयार करायला घ्या.

कडक उन्हाळ्यात अडकलेलं निरोगी झाड उपटू नका. मिरची आणि वांग्याची एक तृतीयांश छाटणी करा, पाणी आणि सावली देऊन जिवंत ठेवा. रात्री उतरल्यावर तीच मुळं नव्या फुटव्यांवर लवकर फुलं आणतात, नव्या रोपापेक्षा बरंच आधी.

कोणताही बदल केल्यावर निदान दोन आठवडे थांबा, कारण आज दिसणाऱ्या कळ्या जुन्या हवेत घडलेल्या आहेत. बदलाच्या दिवशी अगदी लहान असलेल्या एका घोसाला रंगीत दोरा बांधा आणि फक्त त्याच्यावरून निकाल ठरवा. एका वेळी एकच बदल. फळ धरलं असेल तर देठ हिरवा राहून जाड होतो, गाठीजवळ पिवळेपणा येत नाही, आणि पाच ते सात दिवसांत पाकळ्यांमागे वाटाण्याएवढा हिरवा गोळा दिसतो. दमट हवेत वाळलेल्या पाकळ्या त्या गोळ्याला चिकटून राहिल्या तर राखाडी बुरशी तिथूनच सुरू होते. दोन बोटांनी त्या अलगद ओढून काढा.